'साताऱ्यात बसून': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'लुक' आणि 'सी'वरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. घरातूनही 'सोडून द्या' असाच सल्ला मिळाला. दोन दिवस सोडून दिलंही. आज सकाळी चहा पिताना तेच वाक्य पुन्हा डोक्यात आलं, म्हणून बसलो लिहायला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की इंग्रजीत 'लुक'ला अप, डाऊन, बॅक, अवे, आउट असे दिशेचे शब्द सहज जोडता येतात, 'सी'ला ते कधीच जोडत नाहीत. आणि मराठीचं नुसत्या दिशेच्या शब्दावर भागत नाही. यावर या वाचकांचं म्हणणं असं: मग 'सी ऑफ' काय आहे, 'कान्ट सी ओव्हर द वॉल' काय आहे? दुसरं, मराठीतही आपण 'वर बघ, खाली बघ' म्हणतोच की. आणि शेवटी, 'साताऱ्यात बसून पुस्तकातून इंग्रजी शिकवणाऱ्यांचं असंच व्हायचं.'

पहिल्या दोन मुद्द्यांकडे येतो. आधी हे शेवटचं.

साताऱ्यात बसून म्हणजे नेमकं काय, साहेब? माझा क्लास राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. खिडकीतून मान वर केली की अजिंक्यतारा. हे शब्द शिकवायला मला फळा लागत नाही. पोरांना खिडकीशी उभं करतो आणि म्हणतो, लुक अप ॲट द फोर्ट. रविवारी त्यांनाच 'चार भिंती' या टेकडीवरच्या ठिकाणी नेतो, तिथून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं: लुक डाऊन ॲट सातारा. आणि तिथंच बजावतो, की बाळांनो, 'ॲट'च्या जागी 'ऑन' घालताना जपून. 'डाऊन ॲट' म्हणजे डोळे खाली गेले. 'डाऊन ऑन' म्हणजे बहुतेक वेळा समोरचा माणूसच तुमच्या लेखी खाली गेला. तुमच्या वाक्यात यातलं कोणतं आहे ते तुम्हीच ठरवा. पुण्यात बसून ठरवलंत तरी चालेल. प्रोफाइलवर तसं लिहिलंय म्हणून म्हटलं.

शिवाय शिक्षणावरून हिणवायला तुम्हाला हाच जिल्हा सापडला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं तिचा कारभार साताऱ्यात आला, आणि ज्यांच्या घरात पाटी नव्हती अशी पोरं तिच्या वसतिगृहात राहून शिकली. हा विषय इथला नाही, कळतंय मला. पण तो मी काढलेला नाही.

राहिलं 'पुस्तकातून'. हो, पुस्तकातून. लपवलंय कधी? लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली एक विभागणी मांडली, ती मी वाचली आणि मला पटली. काही भाषा जाण्याची वाट क्रियापदातच ठेवतात. स्पॅनिशमध्ये आत जाण्याला एक क्रियापद, बाहेर पडण्याला दुसरं. इंग्रजी ती वाट बाहेरच्या चिमुकल्या शब्दावर सोपवते, मग क्रियापद चालण्याची ढब सांगायला मोकळं: वॉक इन, रन इन, क्रॉल इन. आणि नजरेलाही इंग्रजी पायासारखंच वागवते. ओझरतं बघायचं तर ग्लान्स, टक लावायची तर स्टेअर, डोळे बारीक करून बघायचं तर पिअर, चोरून बघायचं तर पीक. आणि त्यातल्या कोणालाही पुढं इन, आउट, अप, बॅक लावून वाटेला लावायचं. हे पुस्तकात वाचलं म्हणून खोटं ठरतं का?

पुस्तकाबाहेरचं हवं असेल तर ऐका. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, जिल्हा परिषदेच्या शाळेत. १९८७ साली पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. वडिलांचा कोट, स्वतःची चप्पल. आमच्या कंपनीबद्दल काय वाटतं, असं विचारलं. मला आदर दाखवायचा होता. आता आमच्याकडं आदर कसा दाखवतात? मोठ्यांसमोर नजर खाली ठेवून. डोळे वर करून बघितलं तर घरी थोबाड फुटायचं. म्हणून मी ठणठणीत आवाजात म्हणालो, 'सर, आय लुक डाऊन ऑन युवर कंपनी.' तिघंही गप्प झाले. मग मधल्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. नोकरी मिळाली नाही हे सांगायला नको. स्वारगेटवरून साताऱ्याच्या एसटीत बसलो आणि घरी येऊन शब्दकोश काढला, तेव्हा कळलं की इंग्रजाचा आदर वर बघतो: लुक अप टू. आपला खाली बघतो. हा फरक मी कोणाच्या पुस्तकातून उचललेला नाही, तो मला पडलाय. तेव्हापासून स्वतः शिकलो आणि पुढं ३१ वर्षं शिकवलं. तुम्ही किती वर्षं शिकवलंत, ते प्रतिक्रियेत कुठं दिसलं नाही.

आता 'वर बघ, खाली बघ'. म्हणतो की. कोण नाही म्हणालं? पण हुकूम सोडून गोष्ट सांगायला लागा. 'ही लुक्ड अप फ्रॉम हिज पेपर' याचं 'त्यानं पेपरातून वर बघितलं' असं करून दाखवा. आपण म्हणतो, पेपरातून डोकं वर काढलं. 'लुक्ड बॅक'ला आपण मागं वळून बघतो, 'लुक्ड अवे'ला तोंड फिरवतो. आपली नजर एकटी कुठं जात नाही, मान नाहीतर कंबर सोबत न्यावी लागते. 'स्टेअर डाऊन' तर बघाच: डोळ्याला डोळा भिडवून समोरच्याला नजर खाली घालायला लावणे. इंग्रजीचे दोन शब्द, आपली अख्खी भांडणाची गोष्ट. 'डोकावणे'चं काय, असं तुम्ही कंसात विचारलंय. त्यात डोकंच आहे, आणखी काय सांगू.

आणि एक गंमत, लेखात राहून गेली होती. 'लुक अप' दोन आहेत. डोंगर 'लुक अप' केला तर सर्वनाम शेवटी येतं, लुक अप इट. शब्दकोशातला शब्द 'लुक अप' केला तर ते मधे घुसतं, लुक इट अप. पहिल्यात 'अप' ही खरी चढण आहे, दुसऱ्यात चढायला काही उरलेलंच नाही. इतक्या प्रतिक्रिया आल्या, हे कोणी विचारलं नाही. 'साताऱ्यात बसून' मात्र लगेच सुचलं.

'सी'चं एवढंच. 'लुक' म्हणजे नजर पाठवणं, 'सी' म्हणजे ती पोचणं. 'आय लुक्ड डाऊन द रोड अँड सॉ द बस'. 'सी ऑफ'मध्ये नजर जात नाही, पाहुणा जातो. ते उदाहरण इथं लागू नाही. भिंतीचं उदाहरण मात्र, मोकळेपणानं सांगतो, ठीक आहे. नजर पलीकडे पोचते की नाही हे सांगायचं असलं की 'सी'ला 'ओव्हर', 'इन्टू', 'थ्रू' चालतात, बहुधा 'कॅन' घेऊन. म्हणजे मी 'कधीच' लिहिलं तिथं 'सहसा' लिहायला हवं होतं. एका शब्दाची चूक. त्यासाठी अख्खा सातारा मधे आणायची गरज नव्हती.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, खाली तशीच आहे. 'कधीच'चं 'सहसा' आज सकाळी केलंय.