आजीचा बाप्तिस्मा

माझं माहेर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. तिकडे बाप्तिस्मा, इकडे स्नानसंस्कार. तिकडे पाळकसाहेब, इकडे फादर. दोन्हीकडे मी सारखीच रुळले आहे, म्हणून हे लिहितेय.

गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ आजीकडे गेला. तो हल्ली एका नव्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनागटाला, जातो. ८४ वर्षांच्या आजीला त्याने विचारलं, "आजी, तुझं तारण झालंय का?" तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी देवाला चालत नाही, बुडवून दिलेला बाप्तिस्माच खरा, तो तू आता घे, असा त्याचा आग्रह. जिने त्याला मांडीवर बसवून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवलं, ती त्या रात्री झोपली नाही. सकाळी मला फोनवर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी कोण होते गं?"

कळत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा हे मत हलकं नाही, हे मला मान्य आहे. १५२७ मध्ये झुरिकला फेलिक्स मांझ यांना याच मतापायी नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे प्रॉटेस्टंटच होते. पण आपल्याकडे १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा त्यांत कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. लहानपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा, दोन्ही एकाच चर्चमध्ये मान्य झाले. कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही. हे एवढं मोठं काम आपल्याच मातीत झालं, आणि आपल्याच मुलांना ते कुणी सांगत नाही!

सासरीही माझा बाप्तिस्मा ग्राह्य धरला गेला. पाणी आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव, एवढं पुरलं. पण मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घ्यायला सगळे उठतात आणि मी कॅथलिक नाही म्हणून बाकावर बसून राहते. आठ वर्षं झाली. त्यामागची शिकवण मी समजून घेतली आहे, तरी दर रविवारी ते दुखतं.

मग रेघ कुठेच नाही का? आहे. त्रैक्याशिवाय, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मानल्याशिवाय, ख्रिस्ती श्रद्धा मला कळतच नाही. पण पंडिता रमाबाईंची पत्रं आठवा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी याच त्रैक्याबद्दल आणि चर्चच्या अधिकाराबद्दल तिथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या सिस्टर्सशी कडाडून वाद घातला. त्यांना अर्धवट ख्रिस्ती म्हणणारे तेव्हाही होते. आज तीच चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचं स्मरण करते. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठी. इतक्या पुढे जायची माझी तयारी आहे का, हे मी स्वतःला अजून विचारतेच आहे.

दादा, तू हे वाचशील म्हणून सांगते. तुझ्या नव्या उत्साहाचा मला आनंद आहे, तू प्रार्थनेत रमलास हे बघून बरं वाटतं. पण आजीकडे परत जा आणि तिची माफी माग. पुढच्या महिन्यात माझ्या लेकाचं फर्स्ट होली कम्युनियन आहे, तो पहिल्यांदाच ख्रिस्तशरीर घेणार. आजी नगरहून येतेय. तिला घेऊन तूच ये. प्रसाद आम्हा तिघांनाही मिळणार नाही, एकाच बाकावर बसू.