बटण सुटल्याची खबर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कीबोर्डवरच्या माझ्या लेखातल्या ‘बटण दाबलं की एक कोड जातो, सोडलं की दुसरा’ या वाक्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, यूएसबी कीबोर्ड बटण सुटल्याचा कोड पाठवतच नाही. दोन, अक्षर दाबतानाच उमटतं, मग सुटल्याची खबर हवी कुणाला?

पहिला आक्षेप मान्य. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर १९८१ चा आयबीएम पीसी होता आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं. तिथे ‘ए’ दाबल्यावर ३० हा कोड जायचा आणि सोडल्यावर १५८, म्हणजे त्यातच १२८ मिळवलेले. शिफ्टचे ४२ आणि १७०. साध्या यूएसबी कीबोर्डची रीतच वेगळी. तो आठ बाइटचा, म्हणजे आठ छोट्या आकड्यांचा, अहवाल पाठवतो: पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे मंडळी, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत या क्षणी दाबलेली बटणं. ‘ए’चा आकडा इथे ४. बोट उचललंत की पुढच्या अहवालात तो ४ नसतो, एवढंच. जुना कीबोर्ड आवक-जावक लिहायचा, हा नुसती हजेरी देतो.

पण गैरहजेरी हीसुद्धा खबरच ना? ऑपरेटिंग सिस्टीम आधीचा अहवाल नव्याशी ताडून पाहते, कोण गळालं ते काढते आणि प्रोग्रॅमला ‘बटण सुटलं’ असंच कळवते.

म्हणून दुसरा आक्षेप मला पटत नाही. जुन्या पद्धतीत मोठा ‘ए’ टाइप करताना ४२, ३०, १५८, १७० असे चार आकडे जातात. यातला शेवटचा गाळून बघा. शिफ्ट अजून दाबलेलंच आहे अशी संगणकाची समजूत राहील आणि पुढचं सगळं मोठ्या लिपीत येईल. हे माझ्यावर बेतलेलं आहे. दूरच्या मशीनवर काम करत होतो, कंट्रोल दाबलेलं असतानाच जोडणी क्षणभर तुटली आणि सुटल्याची खबर वाटेतच हरवली. मग साधा ‘डब्ल्यू’ टाइप केला तर तो कंट्रोल-डब्ल्यू, म्हणजे ‘खिडकी बंद कर’, ठरला आणि अर्धवट लिहिलेली खिडकी बंद! कंट्रोल पुन्हा एकदा दाबून सोडलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हजेरीची पद्धत इथे सरस, एक अहवाल हुकला तरी पुढचा चूक निस्तरतो. मात्र त्या सहा जागांत सातवं बटण मावत नाही.

लिनक्स असेल तर स्वतःच बघा. खिडकीत उघडणाऱ्या ग्राफिकल टर्मिनलमध्ये नको, मजकुरी कन्सोलवर, म्हणजे खिडक्यांशिवायच्या नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, ‘शोकी’ (showkey) ही आज्ञा चालवा. तुम्ही काहीही दाबायच्या आत बहुधा पहिली ओळ येईल: २८ सुटलं. हे एंटर. आज्ञा सुरू झाली तेव्हा तुमचं बोट अजून त्याच्यावरच होतं! दहा सेकंद काही दाबलं नाही की आज्ञा आपोआप थांबते.

मला खरंच कोंडीत पकडायचं होतं तर पॉझ बटणाचं नाव काढायचं होतंत. जुन्या पद्धतीत ते दाबताक्षणीच सहा बाइट पाठवतं, त्यात सुटल्याचे कोडही आधीच उरकून घेतं, आणि बोट उचलल्यावर चकार शब्द काढत नाही. म्हणजे माझं वाक्य त्या जुन्या कीबोर्डांनाही सरसकट लागू नव्हतं. लेखात यूएसबीचा आणि पॉझचा, दोन्ही खुलासे आज टाकले आहेत.