सराटाच, मोठं गोखरू नव्हे!

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. एक, मी दिलेल्या फोटोतलं झाड सराटा नसून मोठं गोखरू आहे, कारण फुलं पिवळी, फळ काटेरी, जागा वाळूची आणि झाडं ओळखणारं अ‍ॅपही तेच म्हणतं. दुसरा, अमेरिकेत घातक तण ठरलेल्या सराट्याला मी 'देशी' कसं म्हणतो?

रंग आधी बाजूला ठेवू. रेताड जमिनीत घोळही पिवळी फुलते आणि पिवळी तिळवणही. पानं बघा. सराट्याचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका, त्याही जोडीजोडीने, टोकाला सुटी पर्णिका नाही. शिवाय एकाच पेरावर समोरासमोर आलेल्या दोन पानांपैकी एक मोठं, दुसरं चांगलंच लहान. ही विषम जोडी फोटोत डाव्या फांदीवर स्वच्छ दिसते आहे. मोठ्या गोखरूचं पान साधं आणि मांसल असतं. त्याची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. ते तिळाच्या कुळातलं, म्हणून फूलही तिळासारखं नळीदार. सराट्याच्या पाच पाकळ्या एकमेकींपासून सुट्या असतात.

फळातही गल्लत व्हायचं कारण नाही. सराट्याचं फळ वाळल्यावर पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब, दोन आखूड काटे. मोठ्या गोखरूचं फळ चौधारी, धारेला एकेक काटा, आणि ते असं फुटत नाही. अ‍ॅपला या खुणा दिसल्या तरच ते बरोबर सांगणार ना!

तुम्ही 'ट्रिब्युलस सिस्टॉइडिस'चं नाव घेतलं असतंत, तर वाद जास्त रंगला असता. तो सराट्याचा सख्खा भाऊ, किनाऱ्यावरच्या वाळूतला. पण तो बहुवर्षायू आणि फूल बरंच मोठं. फोटोतलं फूल जेमतेम सेंटिमीटरभर आहे.

आता देशीपणाचं. अमेरिकेत सराटा तण आहे, कारण तिथे तो उपरा आहे. त्याला आवरायला 1961 मध्ये तिथे परदेशातून सोंडकिडे आणून सोडले. त्याचे शत्रू मुळात तिथे नव्हतेच. आपल्याकडे आयुर्वेदातल्या लघुपंचमुळांत, म्हणजे पाच औषधी मुळांच्या गटात, शालपर्णी, पृश्निपर्णी, बृहती आणि कंटकारीच्या पंगतीला बसलेला गोक्षुर म्हणजे हाच सराटा. अमेरिकेची तणांची यादी अमेरिकेपुरती.

तुमच्याकडच्या झाडाचाही फोटो जरूर पाठवा. फक्त पेरावरची दोन्ही पानं आणि वाळलेलं फळ त्यात येऊ द्या. नुसत्या फुलावरून मी काहीच सांगणार नाही.