हिचकॉक म्हणजे शेवटचा धक्का? तसं नाही ओ

कोल्हापुरातल्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, आणि काल एका काकांनी ‘नक्की वाच’ म्हणून धाडला. त्यातले मुद्दे असे: सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा शेवटी धक्का देणारा कारागीर, शेवट कळला की सिनेमा संपला. सगळं आधीच कागदावर काढायचा, सेटवर त्याला कामच नसायचं. ‘सायको’ (१९६०) कृष्णधवल झाला, कारण पैसे नव्हते. त्यातला शॉवरखालच्या खुनाचा प्रसंग दुसऱ्यानंच दिग्दर्शित केलेला. म्हणूनच ऑस्करवाल्यांनी त्याला विचारलं नाही.

ऑस्करचं पटकन उरकतो. दिग्दर्शनाची पाच नामांकनं, पुरस्कार एकही नाही, हे खरं. पण १९४० चा त्याचा ‘रेबेका’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला (ती ऑस्करची बाहुली निर्माता सेल्झनिककडं गेली) आणि १९६८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं हिचकॉकला निर्मात्यांसाठीचा मानाचा थालबर्ग पुरस्कार दिला. याला न विचारणं म्हणत नाहीत.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा. आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्याचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ रंगीत आणि खर्चिक होता. ‘सायको’ची कथा पॅरामाउंट स्टुडिओला रुचेना, तेव्हा त्यानं स्वतःचे पैसे घातले, मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला, आपल्या टीव्ही मालिकेचं युनिट आणलं आणि आठ लाख डॉलरच्या आसपास काम भागवलं. काटकसर होतीच, पण ती त्यानं ठरवून केलेली. शिवाय लालभडक रक्त त्याला पडद्यावर नको होतं.

शॉवरच्या प्रसंगाची रेखाटनं डिझायनर सोल बासनं केली, श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे. पुढं ‘दिग्दर्शनही माझंच’ असं तो सांगू लागला. प्रत्यक्ष त्या पाण्याखाली उभी राहिलेली जॅनेट ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन या दोघांनीही ते साफ नाकारलं. मी तरी त्यांचं ऐकेन.

कागदावर आधी काढण्याचा आरोप कोल्हापूरकरानं फॉरवर्ड करावा, याची मात्र गंमत वाटते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ ज्यांच्या आठवणीत उभा आहे, ते मूकपटांच्या काळातले इथले दिग्दर्शक बाबूराव पेंटर प्रसंगांची रेखाटनं करून मगच चित्रीकरणाला लागत. इथला सिनेमाच मुळात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या हातांतून आला. हिचकॉकही मूकपटांच्या पाट्या रंगवत स्टुडिओत शिरला होता. आणि त्याचं सगळं कागदावर संपत नव्हतं. शॉवरच्या प्रसंगाला संगीत नको, असं त्यानं ठरवलं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकवला, तेव्हा गडी फिरला. आज ती किंचाळणारी व्हायोलिनं काढून तो प्रसंग कुणी आठवून दाखवावा.

आता मुख्य आरोप, शेवटच्या धक्क्याचा. हा समज ‘सायको’नं पसरवला आणि त्याला हिचकॉक स्वतः जबाबदार आहे. सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही, बाहेर जाऊन शेवट फोडायचा नाही, अशी जाहिरातच त्यानं केली. (आपल्याकडं नावं संपल्यावर पान चघळत आत येणाऱ्यांचं काय झालं असतं!) पण त्याच माणसाचा ‘रोप’ घ्या, १९४८ चा. सुरुवातीलाच दोघं मित्राचा गळा आवळतात आणि प्रेत पेटाऱ्यात ठेवतात. मग त्याच पेटाऱ्यावर पाहुण्यांचं जेवण मांडतात. पाहुण्यांत मेलेल्याचा बापही आहे. लपवलंय काय? काहीच नाही. खुनी कोण हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर कुणी पेटाऱ्याजवळ गेलं की घशाला कोरड पडते.

‘व्हर्टिगो’ (१९५८) तर याहून पुढं जातो. मूळ फ्रेंच कादंबरीत नायक ज्यांच्यात गुंततो त्या दोन बायका म्हणजे एकच बाई, हे अगदी शेवटी कळतं. हिचकॉकनं बराच सिनेमा शिल्लक असताना त्या बाईला, ज्युडीला, पत्र लिहायला बसवलं आणि गुपित प्रेक्षकाच्या हातात दिलं. त्यावरून युनिटमध्ये वाद झाले. पण मग नायक तिला पूर्वीचे कपडे, पूर्वीचा केसांचा रंग घ्यायला लावतो, तेव्हा आपण रहस्य सोडवत बसत नाही. तो तिचं काय करतोय ते बघत बसतो, आणि ते बघवत नाही. धक्का राखून ठेवला असता, तर हे मिळालं नसतं. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षक-मतदानात हाच सिनेमा पहिला आला. मत देणाऱ्या बहुतेकांना शेवट केव्हाच पाठ झालेला असणार.

काकांना एवढंच लिहिलंय: शेवट आता तुम्हाला कळलाय, तरी रविवारी ‘व्हर्टिगो’ लावा.