मरीन प्लाय आहे, टाकायचं नाही!

नवं किचन करायचं ठरलं तेव्हा जुनी कपाटं भंगारवाल्याकडे जाणार, हे मी गृहीत धरलं होतं. पण सुतारमामांनी पहिलं कपाट भिंतीपासून सोडवलं, मागे पुसटसा ‘आयएस 710’ असा शिक्का दिसला आणि नवऱ्याला मुलाचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. "मरीन प्लाय आहे, टाकायचं नाही!" हा प्लाय म्हणे 72 तास उकळूनही थर सोडत नाही. आमच्याकडे राजमासुद्धा कोणी इतका वेळ शिजवत नाही.

सिंकखालचं कपाट मात्र पार्टिकल बोर्डचं निघालं. म्हणजे घरात जिथे खरोखर पाणी गळतं, तेवढी एक जागा सोडून बाकी सगळीकडे मरीन! ते बिचारं तळापासून टम्म फुगलेलं. ते तेवढं भंगारात गेलं. बाकीची मंडळी घरभर पांगली.

ओट्याखालचं कपाट दोन फूट खोल असतं, हे ओट्याखाली असताना कळत नाही. पॅसेजमध्ये ठेवल्यावर कळतं, कारण आमचा पॅसेज तीन फुटांचा. आता बेडरूमकडे जाणारा माणूस खेकड्यासारखा आडवा जातो. "पोट आत जातं, फायदाच आहे," असं नवरा म्हणतो. त्याचं स्वतःचं अजून गेलेलं नाही.

वरची कपाटं फूटभरच खोल, म्हणून ती हॉलमध्ये पुस्तकांसाठी टांगायची ठरली. ड्रिल लावताच भिंतीतून पांढरी भुकटी आली. "ताई, सिपोरेक्स आहे, हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत. साधा स्क्रू धरणार नाही," मामा म्हणाले आणि लांब फास्टनरचे पैसे वेगळे घेऊन गेले. शटरवर द्राक्षं आणि वाइनचा ग्लास छापलेला आहे. आत सासूबाईंच्या पोथ्या. पोथ्यांना आता हिंगाचा वास येतो. सासूबाईंची त्याला हरकत नाही, ग्लासाला आहे. त्यावर त्यांनी कालनिर्णय टांगलं.

ट्रॉल्यांच्या बाबतीत नवऱ्याच्या प्रतिभेला धुमारे फुटले. थाळी ट्रॉलीत ताटांच्या खाचांमधून वीजबिलं आणि सोसायटीच्या पावत्या उभ्या राहिल्या. बाटल्यांच्या अरुंद ट्रॉलीत छत्र्या इतक्या फिट्ट बसल्या, की ती मुळात छत्र्यांसाठीच केली असावी. (हे मी त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही.) कपबशी ट्रॉलीत चपला ठेवायचा प्रस्ताव मात्र सासूबाईंनी जागीच फेटाळला. "ज्यात कप ठेवले त्यात पायताणं? मग उद्यापासून चहा बुटातूनच पी."

इथवर ठीक होतं. पण नव्या किचनमध्ये चिमणी आली, ओव्हन आला, कोपऱ्यात गोल फिरणारं काहीतरी आलं आणि डब्यांना जागा उरली नाही. मग रिकाम्या दिसेल त्या जुन्या कपाटात सासूबाईंनी गुपचूप एकेक डबा सरकवायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीने डबे आपल्या घरी परतत होते. तूरडाळ पॅसेजमध्ये गेली, पोहे बाल्कनीत, साखर मुलाच्या खोलीत. कुकर लावायचा म्हणजे आधी घरभर फेरी.

परवा पाहुणे आले आणि म्हणाले, "चहा बिनसाखरेचा चालेल." मी मनोमन हात जोडले. मुलाच्या खोलीत त्याची ऑनलाइन मुलाखत सुरू होती आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई वाटी घेऊन कॅमेऱ्यामागून आडव्या चालल्या होत्या.