साडेतीन वर्षांच्या मुलाला लिहायला बसवणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तीन ते सहा ही सोन्यासारखी वर्षं खेळण्यात घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. गावोगावच्या पालकांच्या ग्रुपवर तो येतो, लोक हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि पुढे ढकलतात. माझ्या भाचीने मात्र तो मनावर घेतला. साडेतीन वर्षांच्या लेकासाठी चाररेघी वही आणली आणि रोज संध्याकाळी त्याला अर्धा तास बसवायला सुरुवात केली. तो रडतो, ती चिडते. माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली, आणि माझ्याच घरात हे चाललं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमधले दावे असे: मेंदूची नव्वद टक्के वाढ पाचव्या वर्षापर्यंत होते, म्हणून तिसऱ्या वर्षापासून रोज लेखन आणि पाढे घ्या. कल्पकता उपजत असते, ती शिकवून येत नाही. मुलाच्या कलाने चालणारं शिक्षण हे परदेशातून आलेलं श्रीमंतांचं खूळ आहे. हवं ते करू दिलं की शिस्त लागत नाही. आणि शेवटी धमकी: आज लिहिता आलं नाही तर मूल पहिलीत मागे पडेल.

लिहिण्याचं आधी घेते, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

मुलाची वाढ वयाप्रमाणे आहे का हे बघताना डॉक्टर त्याला आकृत्या काढायला लावतात. समोरचा गोल पाहून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी. चौकोन त्यानंतर, आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास, कारण तिरकी रेघ हाताला उशिरा साधते. आता अशा मुलापुढे ‘अ’ ठेवा. एकाखाली एक दोन अर्धगोल, मधून आडवी रेघ, मग उभी, वर शिरोरेघ, आणि हे सगळं छापील रेघांच्या आत बसवायचं. इंग्रजी माध्यमात घातलं असेल तर ‘ए’, ‘के’, ‘एम’, म्हणजे तिरक्या रेघाच रेघा. ज्याला अजून अधिकचं चिन्ह धड काढता येत नाही त्याच्याकडून आपण हे मागतो, आणि जमलं नाही की त्याचा हात धरून गिरवून घेतो. तसं गिरवलेलं अक्षर आईने काढलेलं असतं. मुलाला त्यातून एवढंच समजतं की लिहिणं ही आपल्याला न जमणारी, आईला राग आणणारी गोष्ट आहे. पहिलीत आल्यावर वही बघताच तोंड फिरवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोटांत काही दोष नव्हता.

हाताची तयारी करायचीच असेल तर ती घरात होते, आणि फुकट होते. मटार सोलायला द्या. पोळ्या करताना कणकेची लाटी हातात द्या. मणी ओवू द्या, जुनं वर्तमानपत्र फाडू द्या, ओलं फडकं पिळू द्या, राजमा आणि चवळी एकत्र करून चिमटीने निवडू द्या. पेन्सिल जी तीन बोटं धरतात तीच बोटं यात तयार होतात. शिवाय इथे मूल स्वतः ठरवतं: लाटीचा साप करायचा की चूल, राजमा कशात भरायचा, सांडला तर काय करायचं. कल्पकता म्हणतात ती याच ठरवण्यातून वाढते. रेघेवर ‘अ’ गिरवताना ठरवायला काहीच नसतं.

‘पण माँटेसरीबाईंच्या शाळेत चार वर्षांची मुलं लिहीत होती’, असं कोणी तरी सांगेल. मुलाच्या कलाने शिकवायची पद्धत घालून देणाऱ्या इटलीच्या मारिया माँटेसरी त्या. होती, मान्य. त्या मुलांनी त्याआधी दट्ट्यांच्या, म्हणजे ठोकळ्याच्या भोकांत बसणाऱ्या लाकडी नळकांड्यांच्या, बारीक खुंट्या चिमटीत धरून उचलल्या होत्या, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवली होती, आकृत्यांच्या आत रेघा भरल्या होत्या. मग ती आपणहून लिहायला लागली. तुमचं मूलही आपणहून खडू उचलून अक्षर काढत असेल तर काढू द्या, कौतुक करा. मात्र त्यासाठी त्याला पाटावर बसवून ठेवू नका.

लहान वयात धडे घोकून घेतल्याने मुलं पुढे जातात का, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावी तपासून झालं आहे. १९६७ मध्ये तिथे गरीब घरांतल्या तीन-चार वर्षांच्या ६८ मुलांचे तीन गट केले. एका गटाला शिक्षिका ठरलेले धडे पाठ करून घेत. दुसरा गट साध्या खेळाच्या बालवाडीत. तिसऱ्या गटात मूल आधी सांगायचं की आज मी काय करणार, मग ते करायचं, आणि शेवटी काय झालं ते सांगायचं. ही पद्धत हायस्कोप नावाने ओळखली जाते. सुरुवातीला तिन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखाच वाढला. पुढे शाळेतही धडे घोकलेली मुलं इतरांच्या पुढे गेली नाहीत. संशोधकांनी या मुलांचा पाठपुरावा ती तेवीस वर्षांची होईपर्यंत केला. धडे घोकलेल्या गटातल्या ४७ टक्के मुलांना शालेय वयात भावनिक त्रासासाठी उपचार घ्यावे लागले होते. बाकीच्या दोन्ही गटांत हे प्रमाण ६ टक्के होतं. मुलं थोडी होती आणि एकाच गावातली होती, त्यामुळे हा आकडा उचलून सांगली-साताऱ्याला लावता येणार नाही. पण ‘आधी बसवलं की पुढे जातं’ हे म्हणणं तिथे टिकलं नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या बाजूने एकही दाखला दिलेला नाही.

‘श्रीमंतांचं परदेशी खूळ’ हे वाचून तर माझा संताप झाला. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये पहिलं बालगृह काढलं ते रोमच्या सॅन लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथली मुलं शाळेत येत नव्हती, कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे. मग या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. साधनं कसली, तर चिंचोके, शिंपले, काड्या, पानं, गोटे, बिया. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच काम वाढलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. देशातल्या सगळ्यात गरीब मुलांसाठी, महाराष्ट्रातल्या दोन बायकांनी, चिंचोक्यांवर उभं केलेलं हे शिक्षण आहे. त्याला श्रीमंतांचं खूळ म्हणण्याआधी कोणी तरी कोसबाडला जाऊन यायला हवं होतं.

एक मात्र नाइलाजाने कबूल करते. शहरांत आज ‘मुलाच्या कलाने शिक्षण’ या नावाखाली भरमसाट फी घेणाऱ्या शाळा निघाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक ठिकाणी बाई आधीच कापून ठेवलेलं कागदी मेंढरू मुलाच्या हातात देतात आणि मूल त्याच्यावर कापूस चिकटवतं. भिंतीवर तीस मेंढरं, तिसांचे कान एका मापाचे. यात मुलाच्या मनाचं काही नाही. शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघा. सगळी एकसारखी असतील तर शाळा कितीही महागडी असली तरी तिथे काम बाई करतात, मुलं नाही.

मेंदूच्या नव्वद टक्क्यांत अर्धं खरं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के झालेलं असतं. ते आकारमान आहे. नव्वद टक्के शिकणं संपलं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि त्यातून पाढे पाठ करा असं तर मुळीच निघत नाही. मेंदू या वयात भराभर घडतो म्हणूनच त्याला हाताळायला, वास घ्यायला, पाडायला, विचारायला भरपूर मिळालं पाहिजे.

उपजत कल्पकतेबद्दल फार बोलत नाही. झाडाला निळा रंग दिला म्हणून ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी हिरवाच खडू उचलतं. म्हणजे बाहेरून ती मारता येते, तशी वाढवताही येते.

शिस्तीचं म्हणाल तर चांगल्या बालवाडीत एक तास बसून पाहा. घसरगुंडीवर पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. घेतलेलं साधन जागेवर ठेवल्याशिवाय दुसरं मिळत नाही. भातुकलीत सगळ्यांनाच आई व्हायचं असतं, तेव्हा भांडण मिटवून कोणाला तरी बाळ व्हावंच लागतं. मुलाच्या कलाने म्हणजे बाई हात बांधून बसतात असं नव्हे. काय मांडायचं, कधी मदत करायची, कधी गप्प राहायचं, हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलेलं असतं. गिरवायला वह्या वाटण्यापेक्षा हे काम पुष्कळ अवघड आहे.

राहिली मागे पडण्याची धमकी. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नको असं म्हटलं आहे, आणि या वयात परीक्षा घेणंही चुकीचं मानलं आहे. आपल्या राज्यात पहिलीला प्रवेश सहाव्या वर्षी मिळतो. तोपर्यंत मुलाला गोष्ट शेवटपर्यंत ऐकता यावी, आपलं म्हणणं चार वाक्यांत सांगता यावं, शर्टाची बटणं लावता यावीत, अडलं तर बाईंना विचारायची भीती वाटू नये. एवढं घरी बघा. अक्षरं पहिलीच्या बाई शिकवतील, त्यांचं ते कामच आहे.