चार शर्मन, एक डबा

प्लॅस्टिकच्या रणगाड्याचं एका वेळी एकच किट उघडावं, ते पुरं करावं, मगच दुसऱ्याला हात लावावा, असं सांगणारी माणसं तुम्हाला भेटली असतीलच. त्यांचं ऐकू नका. त्यांचे रणगाडे तयार होऊन कपाटात बसलेले असतात, त्यामुळे चारचौघांत तक्रार करायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. तुम्ही चार किट एकदम सुरू करा. आणि चारही अमेरिकन शर्मन रणगाड्याचेच घ्या, खऱ्याच्या 1/35 मापातले. एक टायगर, एक टी-34 असं काही आणलंत तर कुठलं चाक कुणाचं हे आंधळ्यालाही कळेल.

शर्मनसारखा सोयीचा रणगाडा दुसरा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे जवळपास 49 हजार बनवले, तेही वेगवेगळ्या कारखान्यांत, मिळेल ते इंजिन बसवून. त्यामुळे शर्मनच्याच एम4ए1 या प्रकाराचं धड ओतीव आणि गोलसर, तर एम4ए3 चं वेल्ड केलेलं आणि कोनदार. चाकं कधी आरेवाली, कधी भरीव. हातभर अंतरावरून सगळं सारखं दिसतं. फरक कळतो तो डिंक वाळल्यावर.

सुरुवात निपरने, म्हणजे भाग कापायच्या बारीक पक्कडीने करा. चारही खोके उघडा आणि एका बैठकीत सगळे भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापून मोकळे करा. प्रत्येक स्प्रूला ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक भागाचा नंबर त्याच्या शेजारी, चौकटीवर असतो. भागावर नसतो. म्हणजे चौकटी कचऱ्यात गेल्या की भाग खरे स्वतंत्र. काही भित्रे लोक चौकटी शेवटपर्यंत जपतात, पायरी येईल तेवढेच भाग कापतात, आणि कापण्याआधी एका किटच्या सगळ्या चौकटींच्या कडेला लाल मार्कर, दुसऱ्याच्या निळा, अशा रेघा ओढून ठेवतात. त्याला पाचेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुमचं अर्धं किट कापून होतं.

आता सगळं एकाच डब्यात. दिवाळीत आलेला काजूकतलीचा डबा उत्तम, तळाशी थोडा वर्ख असला तर फोटो-एचचे (रसायनाने कोरलेल्या पत्र्याचे) बारीक पितळी तुकडे त्यात मिसळून जातात. झिपच्या पिशव्या घरात असतील तर त्यांत धने-जिरे भरा.

डब्यात नेमकं काय पडतं तेही ऐका. उभ्या स्प्रिंगांच्या जुन्या सस्पेन्शनवर एका शर्मनला 12 चाकं लागतात. आडव्या स्प्रिंगांचा 'ईझी एट' असेल तर चाकं जोडीने येतात, म्हणून 24. तीन जुने आणि एक ईझी एट धरला तर झाली 60. यात वरचे रोलर आणि मागची मोठी चाकं धरलेली नाहीत. चाकांच्या आत बसणारे काळे पॉलिकॅप (मऊ प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या) असतील तर ते चारही किटचे इतके सारखे दिसतात की मोजायचाही कंटाळा येईल. आणि हौसेने सुट्या कड्यांचे पट्टे घेतले असतील, तर एका बाजूला 79, म्हणजे एका गाड्याला 158. एखादी कडी हरवली तर ते पट्टा गुंडाळताना शेवटी कळतं, तोवर तुम्ही निश्चिंत.

काम पंख्याखाली करा. पंखा पाचवर ठेवा. चिमट्यात धरलेला हुक उडाला की तो आधी गुडघ्यावर आदळतो, मग पलंगाखाली जातो, हे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध आहे. उडू नये म्हणून बारीक भाग पारदर्शक पिशवीत हात घालून कापणारे महाभाग आहेत. उडालाच तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पातळ मोजा बांधून जमीन झाडतात आणि मोज्यात अडकलेला भाग काढून घेतात. तुम्ही मात्र सकाळी मावशींच्या केरसुणीची वाट पाहा.

डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा, कागद खिडकीत उघडा ठेवा. आपल्या पावसाळ्याची दमट हवा बाकीचं पाहून घेते. हेडलाइटच्या काचा डब्यात इतर भागांबरोबर घासू द्या, वापरलेला दिवा खरा वाटतो. सूचनापत्रिका चारही एकावर एक ठेवा आणि झालेल्या पायरीवर खूण अजिबात करू नका. खूण केली तर दोन महिन्यांनी परत बसल्यावर आपण कुठे होतो हे लगेच कळतं आणि काम पुढे सरकतं.

चिकटवताना पातळ लिक्विड सिमेंटच घ्या. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, त्यामुळे एम4ए3 चा भाग एम4ए1 ला लागला की लागला.

इथवर आलात की एखादा जाणकार घरी येईल. तो अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय पाहून आलेला असेल, 1965 च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटने शर्मन घेऊन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना कसं तोंड दिलं हे तुम्हाला सांगेल, आणि सांगता सांगता तुमच्या गाड्याची चाकं मोजेल. तीन आरेवाली, तीन भरीव. घाबरू नका. युद्धात चाक निकामी झालं की जवान हाती लागेल ते बसवत, एकाच गाड्यावर दोन जातींची चाकं असलेली छायाचित्रंही आहेत. शांतपणे म्हणा, "फील्ड रिपेअर." हा शब्द तुम्हाला निम्म्या चुकांतून सोडवेल.

पण डाव्या बाजूला उभ्या स्प्रिंगा आणि उजव्या बाजूला आडव्या, हे जगातल्या कुठल्याही वर्कशॉपने केलेलं नाही. तिथे ताडपत्री टाकायची. टिशू पेपर घ्या, पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा, धडावरून थेट चाकांपर्यंत सोडा, वाळल्यावर हिरवट रंग मारा. छान चुण्या पडतात. बरं, ताडपत्रीला डब्यातला एकही भाग लागत नाही.